कुत्रा कुत्र्याला चावला तर...

वृत्तपत्राच्या कचेरीत नव्याने आलेल्या उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकवले जाते. कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे. माणूस कुत्र्याला चावला तर ती बातमी. कुत्रा कुत्र्याला चावला तर काय, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. पण ज्या सोसायटीच्या आवारात हे घडते तिथे जाऊन विचारा. दोन घरांचे वर्षानुवर्षांचे बोलणे बंद होते, गणपतीच्या आरतीला एक कुटुंब खाली उतरत नाही, सचिवांच्या टेबलावर अर्जांची चळत वाढते आणि ज्याचे कुत्रे जखमी झाले त्याच्या हातात पशुवैद्याचे हजारो रुपयांचे बिल असते. ते बिल कोणी भरायचे, या साध्या प्रश्नाला आपल्याकडे साधे उत्तर नाही.

वसईचेच उदाहरण घ्या. होळीच्या बाजारापलीकडे गेले की अजूनही वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागा दिसतात. वाडीच्या तोंडाशी एक कुत्रा असायचाच. तो राखणदार. शेजारच्या वाडीतल्या कुत्र्याशी त्याचे वैर असले तरी ते कुंपणाच्या दोन बाजूंनी भुंकून भागत असे. पुढे वाड्यांच्या जागी इमारती आल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर भरली. माणसे माळ्यांवर राहायला गेली आणि त्यांच्याबरोबर कुत्रीही गेली. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला तेव्हा घरोघरी पांढऱ्याशुभ्र ‘टफी’ची मागणी होऊ लागली, २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने लोकांना वेड लावले. आता जर्मन शेफर्ड, रॉटवायलर आणि हस्कीदेखील दोन खोल्यांच्या घरात नांदतात. कुंपण उरले नाही; उरली ती एक लिफ्ट, एक जिना आणि मोटारी उभ्या करून शिल्लक राहिलेली चार हात जागा. दोन कुत्र्यांची गाठ पडते ती इथे.

समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आपल्या पॉमेरेनियनला पट्टा लावून खाली आणतात. सातव्या मजल्यावरचा जर्मन शेफर्ड त्याच वेळी लिफ्टमधून मोकळा बाहेर पडतो. पुढचे सगळे अर्ध्या मिनिटात होते. आजी ओरडतात, ‘‘अहो, आवरा त्याला!’’ सातव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, ‘‘तुमचाच आधी भुंकला!’’ संध्याकाळपर्यंत अर्ध्या इमारतीचा कौल आजींच्या बाजूने आणि अर्ध्या इमारतीचा गृहस्थांच्या बाजूने पडलेला असतो. प्रसंग कल्पनेतला आहे, पण सोसायटीत राहणाऱ्या बहुतेकांना तो ओळखीचा वाटेल. कायदा इथे काय म्हणतो ते क्रमाने पाहू.

<b>पोलिसांच्या वहीत जागा नाही</b>

आजींचा मुलगा आधी पोलीस ठाण्यात जातो. तिथे त्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते, आणि दोष दर वेळी हवालदाराचा नसतो. प्राणी बाळगणाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल भारतीय दंड संहितेत कलम २८९ होते. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ने घेतली. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हे कलम मानवी जीविताला धोका आणि माणसाला होणारी जबर दुखापत यांच्यासाठी आहे. आजींना दात लागला असता तर ते लागले असते. त्यांच्या पॉमेरेनियनसाठी ते नाही.

दुसरे कलम प्राण्याला ठार मारण्याबद्दल वा अपंग करण्याबद्दलचे. जुन्या संहितेत ती कलमे ४२८ आणि ४२९ होती, नव्या संहितेत ३२५ आहे, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मात्र इथे नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव सिद्ध करावी लागते. मालकाने कुत्रा मुद्दाम अंगावर सोडला असेल तर गोष्ट वेगळी; हातून पट्टा सुटला किंवा पट्टा लावलाच नव्हता एवढ्यावर हे कलम सहसा उभे राहत नाही. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणाऱ्याला पकडतो. त्यातही पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीच्या त्या पन्नास रुपयांत आज पशुवैद्याचे साधे बिलही भागणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये दिलेला एक निकाल या बाबतीत फार बोलका आहे. एप्रिल २०२०मध्ये मरीन ड्राइव्हवर, घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलखाली एक भटका कुत्रा आला आणि मेला. त्या मुलावर भरधाव वाहन चालवून जीवित धोक्यात घातल्याचा गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयाने तो रद्द केला. माणसे आपल्या कुत्र्या-मांजरांवर पोटच्या मुलासारखी माया करतात हे न्यायालयाने मान्य केले. पण ती मानवजातीत मोडत नाहीत, आणि ही कलमे माणसाच्या जिवासाठी आहेत, असे सांगितले. वर राज्य सरकारने त्या मुलाला २० हजार रुपये द्यावेत आणि ती रक्कम गुन्हा नोंदवणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असाही आदेश झाला. तो खटला अपघाताचा होता, कुत्र्यांच्या भांडणाचा नव्हता. पण त्यातले तत्त्व आजींच्या मुलाला कळले तर पोलीस ठाण्याची एक फेरी वाचेल.

याउलट माणसाला चावा बसला की कायदा जागा होतो, हेही मुंबईतच दिसले आहे. २०१०मध्ये नेपियन सी रोडवर एका रॉटवायलरने वृद्ध नातेवाइकाला चावे घेतले. जानेवारी २०२३मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. २०१८मध्ये वरळीच्या एका इमारतीत लिफ्टमध्येच हस्की चावला. मे २०२५मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. तारखांमधले अंतरही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका प्रकरणात तेरावे वर्ष लागले, दुसऱ्यात सात गेली.

<b>बैल बैलाला भिडला तेव्हा</b>

एका जनावराने दुसऱ्याला मारले तर काय, हा प्रश्न काही लिफ्टबरोबर जन्मलेला नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांतून वाचल्या जाणाऱ्या बायबलमध्ये, ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, त्याचे उत्तर आहे. (या बायबलचे ‘सुबोध बायबल’ हे मराठी रूप वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सिद्ध केले आणि त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.) एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला हुंदडून मारले, तर जिवंत बैल विकून त्याची किंमत दोघांनी वाटून घ्यावी, मेलेला बैलही वाटून घ्यावा. म्हणजे नुकसान निम्मे-निम्मे. पण तो बैल मारका आहे हे आधीपासून ठाऊक असून धन्याने त्याला आवरले नसेल, तर त्याने बैलाबद्दल बैल भरून द्यावा.

कौटिल्याने आणखी एक पायरी सांगितली. शिंगाच्या किंवा दाढांच्या जनावराने कोणाला धरले असता सोडवण्याची ताकद असून जो धनी सोडवत नाही त्याला दंड. आणि समोरच्याने हाक मारूनही जो ढिम्म राहतो त्याला दुप्पट. अशा जनावरांना एकमेकांच्या जिवावर घातले, तर मेलेल्याची किंमत भरायची आणि तेवढाच दंड वेगळा.

दोन दूरच्या संस्कृतींनी शोधलेला धागा एकच आहे. बैलाला किंवा कुत्र्याला दोष देऊन काही साधत नाही. धन्याला काय ठाऊक होते आणि ठाऊक असून त्याने काय केले, हे विचारायचे.

<b>‘तुम्हाला ठाऊक होते का?’</b>

आजचा दिवाणी कायदा याच वाटेने जातो. जनावराने केलेल्या नुकसानीबद्दल इंग्लंडमध्ये १९७१चा स्वतंत्र कायदा आहे, तसा आपल्याकडे नाही. आपली न्यायालये निष्काळजीपणाचे सर्वसाधारण तत्त्व लावतात. मालकावर काळजी घेण्याची जबाबदारी होती का, ती त्याने चुकवली का, आणि त्यामुळेच नुकसान झाले का, हे तीन प्रश्न. आवारात कुत्रा मोकळा सोडणे ही पहिली चूक. त्याने पूर्वी दुसऱ्या कुत्र्यावर झडप घातली होती आणि ते मालकाला माहीत होते, तर चूक कितीतरी पटींनी जड होते. म्हणूनच पूर्वीच्या प्रसंगाची लेखी नोंद महत्त्वाची. पहिल्या वेळी सचिवांना दिलेले साधे पत्र, त्यावरची पोच आणि मालकाला दाखवलेली प्रत एवढे असले, की दुसऱ्या वेळी ‘आम्हाला काय माहीत, तो असा कधी करत नाही’ हे उत्तर टिकत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पॉमेरेनियनचाही पट्टा सोडलेला असेल, तोच धावत जाऊन शेफर्डच्या तोंडाशी भिडला असेल, तर आजींच्या वाट्यालाही काही दोष येतो आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. ‘आधी कोण भुंकला’ याला मात्र फारसे मोल नाही. भुंकणे हे कुत्र्याचे बोलणे आहे. पट्टा कोणाच्या हातात होता आणि कोणाच्या नव्हता, यावर निकाल फिरतो. आणि आता बहुतेक आवारांत कॅमेरे असल्याने ते दाखवताही येते.

जातीवरून दोष ठरवण्याचा मोहही टाळावा. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर यांसह तेवीस जातींच्या पाळण्यावर बंदी आणण्याविषयी राज्यांना पत्र धाडले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले.

<b>गावठी कुत्र्याची किंमत किती?</b>

समजा, दोष ठरला. आता भरपाई किती? कायद्याच्या नजरेत कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ४२८ला लागू होण्यासाठी जनावराची किंमत निदान दहा रुपये असावी लागे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, आठ वर्षे घरात वाढलेल्या गावठी कुत्र्याची बाजारातली किंमत शून्य. त्याच्या फाटलेल्या कातडीवरचे टाके, भूल, प्रतिजैविके, आठवडाभराच्या पट्ट्या यांचे बिल मात्र शून्य नसते. ‘कुत्र्याच्या किमतीपेक्षा औषधपाणी महाग, ते आम्ही का द्यायचे?’ असा युक्तिवाद म्हणूनच केला जातो.

जर्मनीने याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले. तिथल्या दिवाणी संहितेचे कलम ८३३ सांगते, की हौसेने पाळलेल्या प्राण्याने नुकसान केले तर पाळणाऱ्याने ते भरायचे. त्याची चूक दाखवण्याचीही गरज नाही. १९९०मध्ये त्या संहितेत प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत, असे वाक्य आले आणि जखमी प्राण्याच्या उपचाराचा खर्च केवळ त्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे म्हणून अवाजवी मानू नये, अशी तरतूदही झाली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर अगदी आपल्या गोष्टीतलीच जोडी न्यायालयात गेली होती. मोकळ्या जर्मन शेफर्डने एका लहानखुऱ्या पांढऱ्या बिशोंला फाडले, उपचाराला आठ हजार डॉलरहून अधिक खर्च आला, आणि २०१४मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो पूर्ण खर्च मालकाकडून मिळवून दिला. मुद्दा एवढाच, की खर्च वाजवी होता का.

आपल्या देशातही एका ठिकाणी हा विचार पोचला आहे. नोएडा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२मध्ये ठरवलेल्या धोरणानुसार पाळीव कुत्र्यामुळे अनुचित प्रकार घडल्यास १ मार्च २०२३पासून मालकाला दहा हजार रुपये दंड, आणि जखमी माणसाचा किंवा प्राण्याचा उपचारही त्यानेच करून द्यायचा. ‘किंवा प्राण्याचा’ हे दोन शब्द आपल्या महानगरपालिकांनीही उचलण्यासारखे आहेत.

<b>ज्याला धनी नाही</b>

गेटवरचा ‘काळू’ किंवा ‘मोती’ या हिशेबात कुठे बसतो? सगळ्यांच्या पोळीवर वाढलेला, कोणाच्याच नावावर नसलेला. १० मार्च २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी अशा कुत्र्यांना सामुदायिक प्राणी म्हटले आहे. त्यांच्या खाण्याची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी, असे नियम सांगतात. वाद झाल्यास पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस आणि रहिवाशांचे प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे जाण्याची सोयही त्यांत आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी परत सोडायची आहेत. पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडायची नाहीत.

काळूने आजींच्या पॉमेरेनियनला फाडले, तर खाऊ घालणाऱ्या काकूंवर दावा चालेल का? केवळ पोळी टाकल्याने कोणी मालक होत नाही. मात्र सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणीच्या ओघात, खाऊ घालणाऱ्यांना लसीकरणाची आणि हल्ल्याच्या खर्चाची जबाबदारी घ्यायला लावता येईल, असे बोलले गेले होते. तो निकाल नव्हता, पण वारा कोणत्या दिशेचा आहे हे त्यातून कळते. उलट शेफर्डने काळूला फाडले, तर भरपाई मागायला मालकच नसतो. बिल त्या काकूच भरतात आणि सोसायटीत कोणाला पत्ताही लागत नाही.

अशा प्रसंगानंतर बैठकीत पहिली मागणी उठते ती कुत्र्याला हाकलून देण्याची. महाभारताच्या आरंभीच एक कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञमंडपात एक कुत्र्याचे पिल्लू आले. त्याने हवीला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेही नाही. तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. त्याची आई सरमा तिथे आली आणि तिने विचारले, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणालाही उत्तर देता आले नाही. तिने शाप दिला आणि राजाला तो फेडण्यासाठी पुरोहित शोधत फिरावे लागले. पट्ट्याविना खाली आणलेल्या कुत्र्याच्या बाबतीतही हा प्रश्न विचारता येतो. सोसायटीला तसा अधिकारही नाही. प्राणी पाळण्यावर बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. पट्टा लावा, घाण उचला, हे सांगण्याचा हक्क मात्र शेजाऱ्यांना आहे.

<b>घडलेच तर</b>

झुंज लागली की हात मध्ये घालू नका. सोडवायला गेलेल्या माणसालाच बहुतेक वेळा दात लागतात. बादलीभर पाणी, उघडलेली छत्री, जाड चादर यांचा उपयोग करावा. जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी मोठ्या कुत्र्याने लहानाला धरून झटकले असेल तर आत मांस फाटलेले असते. त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे आणि रेबीजच्या लसीची तारीख सांगावी. माणसाला ओरखडा उठला असेल तरी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

मग कागद. जखमेची छायाचित्रे, पशुवैद्याचा दाखला, सगळ्या पावत्या, आणि कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाण्याआधी त्याची प्रत. शेजाऱ्याला आधी तोंडी, मग नम्र पत्राने खर्च मागावा. नाहीच जमले तर दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पण पंधरा-वीस हजारांसाठी वकील करणे परवडत नाही. त्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत न्यावे. कोर्ट फी लागत नाही आणि तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. कुत्रा मोठा असेल तर मालकाने विमाही पाहावा. इतरांच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या पॉलिसी आता आपल्याकडेही मिळतात.

सोसायटीने करायचे काम याहून सोपे आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा. आवारात प्रत्येक कुत्र्याला पट्टा. लिफ्टमध्ये आधीच एक कुत्रा असेल तर दुसऱ्याने थांबायचे. लसीच्या दाखल्याची प्रत कार्यालयात. आणि आपल्या कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्याला जखमी केले तर उपचाराचा वाजवी खर्च मालकाने पंधरा दिवसांत द्यायचा. हा ठराव भांडण नसताना, सगळ्या कुत्रेवाल्यांना समोर बसवून करावा. उद्या आपले कुत्रे चावणारे असेल की चावले जाणारे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून खर्चाचे कलम न्याय्य ठरते आणि सह्याही पटापट होतात. जखम झाल्यावर तोच कागद पुढे केला, तर त्यावर सही करणारा शेजारी सापडणे कठीण.